हर्रास सुटला आणि शब्द फिरला : वऱ्हाडातल्या बोलीचा इतिहास

आमच्या चांदूर रेल्वेत लिलाव हा शब्द वर्तमानपत्रात वाचायला मिळतो. तोंडात मात्र हर्रास असतो. रेतीघाटाचा हर्रास, आंब्याच्या बहाराचा हर्रास, तलावाच्या मासळीचा हर्रास, बाजार समितीच्या आवारात सोयाबीन-तुरीचा हर्रास. कोणाच्या नावावर बोली संपली की "हर्रास सुटला" म्हणतात. एकदा सुटला की विषय संपला, अशी सगळ्यांची समजूत.

अलीकडे ही समजूत डळमळायला लागली आहे. मोबाईलवर, इंटरनेटवर वस्तूंचे लिलाव होतात. जुनी नाणी, घड्याळे, कॅमेरे, पुस्तके, मोटारी असे सगळे विकले जाते. मुदत संपते, सर्वात मोठी बोली लावणाऱ्याला "तुम्ही जिंकलात" असा निरोप येतो आणि मग विकणारा गप्प बसतो. कधी वस्तू हरवली म्हणतो, कधी फुटली म्हणतो, कधी घरच्यांची विकायची इच्छा नाही म्हणतो. खरे कारण बहुधा एकच असते : मनासारखा भाव आला नाही. तरुण मित्र मला विचारतात, की हा नव्या काळाचा रोग आहे का? मला तसे वाटत नाही. बोली घ्यायची आणि मग शब्द फिरवायचा, हा उद्योग जुना आहे. आपल्या वऱ्हाडाने तर त्याची मोठी किंमत मोजली आहे, आणि ती मोजायला लावणारा विक्रेता कोणी किरकोळ दुकानदार नव्हता, खुद्द सरकार होते.

बाजारातले शब्द कुठून आले

आधी शब्दांकडे पाहू, कारण शब्द बाजारातूनच प्रवास करतात. हर्रास हा अरबीतल्या "हराज"चा वंशज. हैदराबादच्या दख्खनी उर्दूत तो हर्राज झाला आणि वऱ्हाडात हर्रास. लिलाव हा शब्द पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांकडून आला. कोशकार त्या पोर्तुगीज शब्दाचे मूळही अरबीत, जाहीर करणे किंवा निशाण लावणे अशा अर्थाच्या शब्दात शोधतात. म्हणजे एक शब्द समुद्रातून आला, दुसरा हैदराबादच्या वाटेने आला, आणि दोघेही मराठीत येऊन एकाच कामाला लागले.

दलाल हाही अरबी शब्द. मूळ अर्थ वाट दाखवणारा. जुन्या अरबी बाजारांत दलाल माल हातात घेऊन फिरायचा आणि बोल्या पुकारायचा. बयाना हा "बय" म्हणजे विक्री या अरबी शब्दाला फारसी शेपूट लागून तयार झाला. मक्ता, इजारा, कबूल, रद्द हे सगळे त्याच घरचे. यवतमाळ-वाशीम भागात अजून गावांच्या नावामागे "इजारा" लागलेले दिसते. कधीकाळी ते गाव मक्त्याने दिले गेले होते, याची ती खूण.

हे सांगायचे कारण मोठेपणा मिरवणे नाही. बाजारात कोण कोणाला भेटले, कोणाचे नियम कोणी उचलले, हे शब्दांवरून कळते. मराठी बाजार हा हिंदू-मुसलमान दोघांनी मिळून चालवलेला बाजार आहे. कापूस पिकवणारा कुणबी, तो पिंजणारा पिंजारी, भाजी-फळांचा बागवान, गाठी पाठवणारा कच्छी मेमन किंवा मारवाडी, या सगळ्यांचा व्यवहार एकाच शब्दभांडारावर चालला.

फिक्हमध्ये बोलीचे स्थान

चढत्या बोलीच्या विक्रीला इस्लामी कायद्यात मुजायदा म्हणतात. हजरत अनस यांच्याकडून आलेली एक हदीस अबू दाऊद, तिर्मिजी आणि इब्ने माजा या संग्रहांत आहे. मदिनेतला एक गरजू माणूस प्रेषितांकडे (स.) मदत मागायला आला. घरात काय आहे, असे त्याला विचारले. एक जाडेभरडे वस्त्र आणि पाणी प्यायचा वाडगा, एवढेच होते. प्रेषितांनी (स.) त्या वस्तू मागवून लोकांसमोर ठेवल्या आणि कोण घेतो म्हणून विचारले. एकाने एक दिरहम म्हटले. यापेक्षा जास्त कोण देतो, असे पुन्हा विचारल्यावर दुसऱ्याने दोन दिरहम दिले आणि वस्तू त्याला मिळाल्या. एका दिरहमचे धान्य घरी गेले, दुसऱ्याची कुऱ्हाड आली आणि तो माणूस लाकडे तोडून विकायला लागला. हदीसशास्त्राच्या काही जाणकारांनी या परंपरेच्या साखळीबद्दल शंका घेतली आहे, तरी चढत्या बोलीची विक्री योग्य आहे याचा आधार म्हणून फकीहांनी ती वापरली.

या परवानगीबरोबर दोन बंधने आली. पहिले "नज्श"चे : घ्यायची इच्छा नसताना, केवळ भाव फुगवण्यासाठी खोटी बोली लावणे मना आहे. बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत ही मनाई आहे. दुसरे बंधन शब्दाचे : एकाने प्रस्ताव ठेवला, दुसऱ्याने कबूल केला, म्हणजे ईजाब आणि कबूल झाले की सौदा पक्का. निकाहाच्या वेळी जे दोन शब्द आपण ऐकतो, तेच बाजारातही लागू आहेत.

मग मागे फिरायची मुभा कधीपर्यंत? येथे मजेदार मतभेद आहे. विकणारा आणि घेणारा "वेगळे होईपर्यंत" दोघांना सौदा मोडता येतो, असे हदीसमध्ये आले आहे. शाफई पंथ याचा अर्थ शब्दशः घेतो : दोघे जागेवरून उठून जाईपर्यंत मुभा. हनफी पंथाच्या मते वेगळे होणे म्हणजे बोलणे संपणे. कबूल म्हटले की संपले, मग तुम्ही तिथेच बसून चहा पीत असलात तरी. आपल्या महाराष्ट्रात कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आणि वऱ्हाडातले बहुतेक हनफी. म्हणजे तत्त्वतः रत्नागिरीच्या विक्रेत्याला जागेवरून उठेपर्यंत विचार करायची सवलत आहे, चांदूरच्या विक्रेत्याला ती नाही! पण सौदा होऊन माणसे पांगल्यावर शब्द फिरवायचा अधिकार दोघांपैकी कोणालाही नाही. सूरह माइदाची सुरुवातच करार पाळण्याच्या आज्ञेने होते.

इंग्लंडचे न्यायालय १७८९ साली जवळपास याच ठिकाणी पोहोचले. दारू गाळण्याच्या भट्टीतल्या एका भांड्याचा लिलाव होता. ४० पौंडांची बोली लावणाऱ्याने हातोडा पडायच्या आत बोली मागे घेतली. न्यायालयाने सांगितले, बोली हा फक्त प्रस्ताव आहे आणि हातोडा पडणे ही स्वीकृती. हातोडा पडेपर्यंत दोघेही मोकळे, पडल्यावर दोघेही बांधील. हाच नियम पुढे आपल्या कायद्यात आला.

सरकारने फिरवलेला शब्द

आता वऱ्हाडाकडे येऊ. १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत वऱ्हाडच्या महसुलात निजाम आणि नागपूरकर भोसले असे दोन वाटेकरी होते. तहानंतर वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे आला. हैदराबादचा कारभार पुढे कितीतरी वर्षे चंदुलाल यांच्या हातात होता. खजिना रिकामा, इंग्रजांच्या देखरेखीखालच्या फौजेचा खर्च डोक्यावर, सावकारांचे व्याज चढते. पैसा उभा करण्याचा सोपा मार्ग म्हणजे महसूल मक्त्याने देणे. जो जास्त रक्कम कबूल करील आणि आगाऊ भरील, त्याला तालुका.

या पद्धतीत मुळात गैर काही नव्हते असे कोणी म्हणेलही. पण खरा रोग पुढे होता. एकाची बोली मंजूर व्हायची, तो आगाऊ रक्कम भरून वऱ्हाडाकडे निघायचा आणि तो पोहोचेपर्यंत हैदराबादेत दुसरा कोणी जास्त रक्कम घेऊन उभा राहायचा. मग पहिल्याचा मक्ता रद्द. त्या काळची एक गोष्ट सांगतात. एक तालुकेदार हैदराबादेहून निघताना घोड्यावर शेपटीकडे तोंड करून बसला. लोकांनी कारण विचारले तेव्हा म्हणाला, माझ्या जागी नेमलेला माणूस मागून येतो आहे का, ते पाहतो आहे. गोष्ट रचलेली असेल, पण लोकांना ती पटत होती, यातच सगळे आले.

याचा भार कोणावर पडला? मक्ता किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही, तेव्हा मक्तेदार आल्या दिवसापासून मिळेल तेवढे उपटायचा. विहीर खोदायला, बंधारा दुरुस्त करायला, वाईट वर्षी सूट द्यायला त्याला कारणच नव्हते. नवा मक्तेदार आला की रयतेकडून पुन्हा मागणी. हैदराबादेत शब्द फिरला की त्याची किंमत चांदूर, दर्यापूर, कारंजाच्या शेतकऱ्याने भरायची.

या काळातली सर्वात बोलकी कहाणी पेस्तनजी आणि कंपनीची आहे. हे पारशी व्यापारी. १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडातून मुंबईला कापसाची पहिली मोठी निर्यात त्यांनी केली. तेव्हा रेल्वे नव्हती, बैलांच्या पाठीवर कापूस घाटापार जायचा. शेतकऱ्यांना त्यांनी आगाऊ रकमा दिल्या, खामगावला कापूस दाबायचे स्क्रू बसवले. सरकारलाही मोठे कर्ज दिले आणि त्याच्या फेडीसाठी १८४१ मध्ये त्यांना वऱ्हाडच्या महसुलाचे हक्क लावून देण्यात आले. १८४३ मध्ये चंदुलाल पायउतार झाले. १८४५ मध्ये पेस्तनजींना वऱ्हाडातून काढण्यात आले, त्यांचे मोठे येणे बाकी असताना. पैसा घेतलेला होता, कागद दिलेला होता, आणि माल परत ओढून घेतला गेला.

निजामाचे राज्य मुसलमान राजाचे होते म्हणून आपण या हिशोबावर पांघरूण घालू नये. आणि ज्यांनी हा हिशोब लिहून ठेवला त्या इंग्रजांच्या हेतूकडेही डोळेझाक करू नये. आल्फ्रेड लायल यांचे वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० चे. तोवर वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात येऊन १७ वर्षे झाली होती आणि आधीचे राज्य किती वाईट होते हे दाखवण्यात त्यांचा फायदा होता. १८५३ च्या तहाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे आले, ते तारण म्हणून. खर्च भागून उरलेली रक्कम निजामाला द्यायची होती. पुढे पहिले सालारजंग यांनी फौजेच्या खर्चाची कायमची तजवीज करतो, वऱ्हाड परत द्या, अशी मागणी पुन्हा पुन्हा केली. १८७६ मध्ये ते इंग्लंडलाही जाऊन आले. इंग्रजांनी ऐकले नाही. अखेर १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपये भाड्यावर वऱ्हाड कायमचे घेतले गेले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. शब्द आपल्या सोयीने वाचायची कला दोन्ही दरबारांना येत होती.

कापसाची गाडी आणि रुमालाखालचा भाव

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग वऱ्हाडातून पुढे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. आमच्या चांदूरच्या नावाला "रेल्वे" चिकटली ती या मार्गामुळे. बाजाराचे चांदूर वेगळे, रेल्वेचे चांदूर वेगळे, हे सांगायची गरज तेव्हापासून पडली.

त्या तेजीत मुंबईत कापसाचे आणि शेअरचे वायदे बेफाम झाले. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि १ जुलै १८६५ हा वायद्यांचा हिशोब चुकता करायचा दिवस मुंबईच्या इतिहासात काळा दिवस ठरला. ज्यांनी चढ्या भावाने घ्यायचे कबूल केले होते त्यांच्याकडे द्यायला पैसा नव्हता. शब्द पाळणारा एक मोडला की त्याच्यावर अवलंबून असलेले दहा मोडतात, हे त्या दिवशी मुंबईने पाहिले.

वऱ्हाडात मात्र तेजीनंतर बाजार उभे राहिले. खामगावला जाणाऱ्या रेल्वे फाट्याचे उद्घाटन १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले, यावरून त्या कापसाचे वजन लक्षात यावे. पण बाजारातला शेतकरी दुबळाच राहिला. कापसाची बंडी रात्रभर चालवत तो पहाटे बाजारात यायचा. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवायचे. माल ज्याचा, त्यालाच भाव शेवटी कळायचा. भाव ठरला की बंडी जिनिंगमध्ये जायची. तिथे गंजीवर कापूस ओतायला लागला की खरेदीदाराचा माणूस म्हणायचा : आतला माल ओला आहे, कचरा आहे, एवढे कमी करा. अर्धा कापूस खाली, अर्धा बंडीत, बैल थकलेले, गाव लांब. शेतकरी काय करणार? मान हलवायचा.

येथे शब्द फिरवणारा विक्रेता नव्हता, खरेदीदार होता. पण रोग तोच. बोली सुटल्यानंतर, दुसऱ्याला परत फिरायची वाट उरली नाही हे पाहून, भाव बदलायचा. ज्याच्या हातात ताकद असते तो शब्द फिरवतो. शब्द पाळणे बहुधा दुबळ्याच्या वाट्याला येते.

यावर देशातला पहिला उपाय वऱ्हाडातच झाला, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटावा. १८८६ मध्ये कारंजा येथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. तो भारतातला पहिला मानला जातो. १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला. बाजाराची जागा ठरली, देखरेखीला समिती आली, दलाल आणि मापाऱ्यांना परवाने आले, बेकायदा बाजार भरवण्यावर बंदी आली. १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशनने देशभर असे बाजार असावेत अशी शिफारस केली तेव्हा वऱ्हाडचा नमुना समोर होता. त्याच कमिशनने वऱ्हाडच्या बाजारातली मोठी उणीवही दाखवली : समितीवर व्यापाऱ्यांचे वजन होते आणि माल पिकवणाऱ्याला जागा नव्हती. भांडण मिटवणारे आणि भांडण लावणारे एकाच घरचे असतील तर न्याय कसा व्हायचा?

पुढे महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न पणन कायदा १९६३ मध्ये आला. समित्यांवर शेतकरी आले, रुमालाखालचा भाव बेकायदा ठरला, बोली उघड झाली. १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजनेत राज्य सरकार एकटेच कापूस घेऊ लागले आणि जवळपास ३० वर्षे वऱ्हाडातल्या कापसाच्या हर्रासाचा आवाजच बंद झाला. चुकाऱ्यासाठी वाट पाहणे मात्र चालू राहिले. २००२ नंतर खाजगी व्यापारी परत आले आणि हर्रासही परत आला.

कायदा काय म्हणतो

वस्तूंच्या विक्रीचा १९३० चा कायदा आपल्याकडे आजही लागू आहे. त्याचे ६४ वे कलम लिलावाबद्दल आहे. हातोडा पडला, किंवा रूढ पद्धतीने विक्री संपल्याचे जाहीर झाले, की विक्री पूर्ण. तोपर्यंत बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो. विकणाऱ्याला किमान भाव ठेवायचा असेल तर ठेवता येतो. स्वतः बोली लावायची असेल तर तो हक्क आधी स्पष्टपणे राखून ठेवावा लागतो. भाव वाढवण्यासाठी विकणाऱ्याने खोटी बोली लावली तर घेणाऱ्याला विक्री रद्द करता येते. "नज्श"ची मनाई आणि हे कलम शेजारी ठेवून वाचा. तेराशे वर्षांचे अंतर आहे, गोष्ट एकच आहे.

शब्द फिरवला तर करार कायदा, १८७२ च्या ७३ व्या कलमाखाली नुकसानभरपाई मागता येते. वस्तू दुर्मीळ असेल, बाजारात दुसरी मिळण्यासारखी नसेल, तर तीच वस्तू द्या असा आदेशही न्यायालय देऊ शकते.

सरकारी लिलावाची गोष्ट जरा निराळी. तिथे अटींमध्ये बहुधा लिहिलेले असते, की सर्वोच्च बोली मंजूर करणे न करणे अधिकाऱ्याच्या हाती. नागपूर सुधार प्रन्यासच्या एका भूखंडाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितले, की अटींप्रमाणे मंजुरीचे पत्र निघेपर्यंत सर्वात मोठी बोली लावणाऱ्याला कोणताही हक्क मिळत नाही. याची दुसरी बाजू २०२२ च्या निकालात आहे. एका मंदिराची जमीन १९९८ मध्ये जाहीर लिलावात विकली गेली होती. नंतर कोणी जास्त पैसे देतो म्हणाला म्हणून ती विक्री मोडता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. रोज नवा माणूस जास्त रक्कम घेऊन येऊ लागला तर जाहीर लिलावाला अर्थच उरणार नाही. शेपटीकडे तोंड करून बसलेल्या तालुकेदाराला हा निकाल फार आवडला असता.

हातोड्याऐवजी घड्याळ

इंटरनेटवर लिलाव करणारे ईबे १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झाले. आपल्याकडे २००० मध्ये बाजी डॉट कॉम आले, २००४ मध्ये ते ईबेने विकत घेतले आणि २०१८ मध्ये ईबेचा भारतातला धंदा बंद झाला. पण बोलीची सवय राहिली. ती वेगवेगळ्या संकेतस्थळांवर आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर पसरली.

माझा एक अनुभव सांगतो. जी.आय.पी. रेल्वेची अक्षरे कोरलेला एक पितळी कंदील एका ठिकाणी बोलीला निघाला होता. चांदूरच्या माणसाला त्याचे आकर्षण असणारच. माझी बोली सर्वात मोठी ठरली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की बांधताना काच फुटली, व्यवहार रद्द. आठवड्याने तोच कंदील, त्याच पोचासकट, दीडपट किमतीने पुन्हा दिसला. काच बहुधा आपोआप जुळून आली होती! दावा लावला असता तर वकिलाच्या फीत चार कंदील आले असते. विक्रेते शब्द फिरवू शकतात ते या हिशोबावर.

बाहेरच्या देशांत काही लोकांनी तो हिशोब मांडला आणि लढले. जर्मनीत एकाने नवी फोक्सवागन पसाट मोटार १० मार्कांपासून बोलीला लावली. किंमत ५७ हजार मार्कांच्या आसपास, आणि सर्वात मोठी बोली आली २६,३५० मार्कांची. मालक मागे फिरला. २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने करार झालेला आहे असा निकाल दिला. तुम्ही स्वतःहून बोली मागवली, किमान भाव ठेवला नाही, आता तक्रार कशाची? २०१४ मध्ये त्याच न्यायालयापुढे आणखी एक पसाट आली. ही एका युरोपासून बोलीला लागली होती. मालकाला बाहेर गिऱ्हाईक मिळाले म्हणून त्याने लिलाव मध्येच बंद केला. तेव्हा ज्याची बोली पुढे होती त्याला ५,२४९ युरोंची भरपाई मिळाली.

ऑस्ट्रेलियात तर विमानाचा खटला झाला. दुसऱ्या महायुद्धातले एक जुने विरावे विमान ईबेवर दीड लाख डॉलरच्या किमान बोलीने ठेवले होते. एकाने तेवढी बोली लावली आणि मुदत संपली. मालकाने दुसऱ्या कोणाकडून एक लाख जास्त घ्यायचे कबूल केले होते. २००७ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयाने विमान बोली जिंकणाऱ्यालाच द्यायला लावले. हातोडा नसला तरी घड्याळाची मुदत आहे, आणि मुदत संपणे म्हणजे हातोडा पडणे. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातही २००८ च्या दुरुस्तीने १०-अ हे कलम आले. करार संगणकावरून झाला एवढ्याच कारणाने तो अमान्य ठरत नाही.

मग विकणाऱ्याने नाही म्हणूच नये का? असे नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ई-नाम या सरकारी बाजारात बोली संपली की सर्वात मोठा भाव शेतकऱ्याला कळवला जातो आणि तो घ्यायचा की नाही, हे शेतकरी ठरवतो. भाव पटला नाही तर माल परत न्यायची मुभा आहे. ही पळवाट नाही. बोली लावणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला हा नियम आधीपासून ठाऊक असतो. रुमालाखाली ज्याची बोटेसुद्धा नव्हती, त्या शेतकऱ्याला नाही म्हणायचा हक्क मिळायला शंभराहून जास्त वर्षे लागली. तो हक्क आणि कंदीलवाल्याची काच, या दोन गोष्टी एका तराजूत घालू नयेत. नकार कधी जाहीर केला, बोलीच्या आधी की नंतर, एवढाच खरा प्रश्न आहे. आधी सांगितलेला नकार ही अट असते, नंतर सुचलेला नकार ही दगाबाजी.

आपल्या जमातीचा हर्रास

हा सगळा इतिहास मी लिहिला तो फक्त कंदिलासाठी नाही. आपल्या गावोगाव मशिदीच्या, दर्ग्याच्या, कब्रस्तानाच्या नावावर शेती आहे, दुकानांचे गाळे आहेत. दरवर्षी शेतीचा हर्रास होतो, गाळे भाड्याने जातात. वक्फ मालमत्तांच्या भाडेपट्ट्यासाठी २०१४ चे केंद्राचे नियम आहेत आणि त्यात जाहीर नोटीस देऊन बोली घेण्याची पद्धत सांगितली आहे. कागदावर सगळे ठीक. पण अनेक ठिकाणी काय होते, हे आपण जाणतो. जुम्म्याच्या नमाजनंतर बोली होते, एका गरीब शेतकऱ्याच्या नावावर हर्रास सुटतो आणि आठ दिवसांनी कळते, की कमिटीच्या बैठकीत "फेरविचार" झाला. शेत कोणाच्या तरी मेहुण्याकडे गेलेले असते, कधी कमी रकमेत. ज्याचा शब्द मोडला तो गप्प बसतो, कारण मशिदीविरुद्ध भांडणार कसा? पुढच्या वर्षी तो बोलीला येत नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी दोघे येत नाहीत. मग बोली लावायला तो मेहुणाच उरतो आणि वक्फचे उत्पन्न आटते.

हैदराबादच्या खजिन्याचेही हेच झाले होते. जास्त मिळेल म्हणून शब्द मोडत गेले आणि शेवटी बोली लावणारे उरले ते फक्त उपटणारे.

यावर उपाय साधा आहे. बोलीच्या आधी अटी लिहून मशिदीच्या फलकावर लावा. किमान रक्कम किती, मंजुरी कोण देणार, किती दिवसांत देणार, नाकारली तर कारण काय असू शकते, बयाना परत कधी मिळेल, हे त्यात असू द्या. बोली सगळ्यांसमोर घ्या आणि शेवटचा आकडा त्याच दिवशी फलकावर लिहा. कमिटीतल्या कोणाचा नातेवाईक बोली लावणार असेल तर त्या सदस्याने त्या दिवशी बाजूला बसावे. एवढे केले तर ना कोर्ट लागेल, ना वक्फ बोर्डाकडे अर्ज. यंदाचा हंगाम संपत आला की शेतीचे हर्रास पुन्हा सुरू होतील. आपल्या गावच्या कमिटीला हे चार मुद्दे त्याआधी वाचून दाखवा.